मालकानेच थांबवायचा घोडा

शरदचंद्र घोड्यावर बसला तेव्हा समुद्र डाव्या हाताला होता. मग तो समोर आला… आणि मग शरदचंद्र समुद्रात होता.

"लगाम सोडा म्हटले मी! घोडा सोडा असे कुठे म्हटले?"

गुडघाभर पाण्यातून त्याने मान वर केली. तपकिरी घोडीवर एक मुलगी बसली होती. वेणी सुटलेली, मोगऱ्याचा गजरा खांद्यावर घसरलेला. मद्रासेत येऊन तीन महिने झाले, पण मराठी त्याच्या कानावर पहिल्यांदाच पडत होती. ती शिव्यांच्या सुरात असली तरी त्याला माहेरी आल्यासारखे वाटले.

"तुम्ही… मराठी?"

"आम्ही तंजावरचे. तीनशे वर्षे झाली येऊन. तुम्ही?"

"फलटणचा. तीन महिने."

"दिसतेच!" ती हसली. "शर्यतीचा घोडा हा. लगाम ताणला की त्यास वाटते, पळ म्हणतात. सैल दिला की थांबतो. कशास ओढत होता?"

"थांबावा म्हणून."

घोडा शरदचंद्राचाच होता. गिंडीच्या कारखान्यात हा इंजिनिअर. एकदा डबा खाताना, "आमच्या रक्तातच घोडा आहे," असे तो बोलून गेला, आणि पुढच्या आठवड्यात राजगोपाल नावाच्या सहकाऱ्याने शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा स्वस्तात मिळवून दिला. त्याचे नाव रॉयल थंडर. सहा वर्षांत त्याने शेवटचा नंबर कुणाला घेऊ दिला नव्हता. शरदचंद्राचे रक्त मात्र त्या दिवसापर्यंत फोटोतल्याच घोड्यांवर बसले होते.

मुलगी सईबाई. घोडा ज्या रायडिंग क्लबात बांधलेला, तिथेच ती मुलांना शिकवी. समुद्राची बातमी क्लबात पोचली, आणि सेक्रेटरी शेषगिरींनी नोटीस लावली : पंधरा दिवसांनी मालकाने स्वतः दुडक्या चालीने एक फेरी मारावी आणि घोडा चुन्याच्या रेघेवर थांबवावा. न जमल्यास तबेला रिकामा.

"म्हणजे हा मरीनाच्या वाळूवर भाड्याने," सईबाई म्हणाली. "दिवसभर उन्हात, पाठीवर चार चार पोरे… अय्यो, होऊ देणार नाही मी!"

दुसऱ्या दिवसापासून शरदचंद्र पहाटे पाचला हजर. आधी खरारा, मग खुरांतली वाळू काढणे, मग हुलगे शिजवणे. त्या वासाने त्याला गावाकडचे पिठले आठवे; घोड्याच्या वाट्याचे दोन घास तो गुपचूप खाई.

"कण्णा, पाय दे," सईबाई म्हणे, आणि तो थोराड घोडा पाय उचलून देई.

"कण्णा म्हणजे?"

"लाडके माणूस."

"मग मी कोण?"

"तुम्ही बादली धरा."

तिने हाक मारली की घोडा थांबे, शरदचंद्र थांबे, मागचा नळ तेवढा वाहत राही. पण ती कुंपणाशी येऊन उभी राहिली, की याची मूठ आपोआप आवळे. लगाम ताणला जाई… आणि घोडा सुटे.

"माझ्याकडे पाहू नका!"

"मग कुणाकडे पाहू?"

ती लाल झाली. "घोड्याच्या कानांकडे."

पंधरावा दिवस उजाडला. शेषगिरी खुर्ची टाकून बसले. शरदचंद्र निघाला; फेरी झकास झाली. रेघ दहा पावलांवर आली आणि नेमकी सईबाईने दातांत ओढणी धरली. याने पाहिले. मूठ आवळली. रॉयल थंडर रेघेवरून असा गेला, की आयुष्यातली पहिली शर्यत त्याने तिथे जिंकली.

शेषगिरींनी पेन काढले.

"थांबा!" शरदचंद्र धापा टाकत परत आला. "घोडा मी यांना दिला. मालकीण आता या. यांना थांबवू द्या."

"नियम आहे," शेषगिरी म्हणाले. "मालक बदलायला महिना लागतो. घरच्याच माणसाच्या नावे करायचा, तर लगेच."

घोडा शेपटीने माशा वारत होता.

सईबाईने शेषगिरींच्या हातून पेन आणि मालकी बदलायचा अर्ज घेतला. नव्या मालकाच्या रकान्यात स्वतःचे नाव घातले. शेजारचा रकाना होता — आधीच्या मालकाशी नाते. तिथे पेन क्षणभर थबकले… मग भराभर चालले.

शेषगिरींनी चष्मा पुसून मोठ्याने वाचले. "होणारी बायको. होणारी… केव्हा?"

"ते मलाही आत्ताच कळते आहे," शरदचंद्र म्हणाला.

"चालेल ना?" तिने विचारले. मान खाली, पण डोळे वर.

"चालेल? सईबाई, मी पहिल्या दिवशी पाण्यातूनच—"

"सरि, सरि, कळले. आधी घोडा थांबवून येते."

ती टांग टाकून बसली. फेरी झाली. लगाम सैल सुटला, आणि रॉयल थंडर चुन्याच्या रेघेवर असा उभा राहिला, की पुढचे दोन्ही खूर पांढरे झाले.

शरदचंद्राला मात्र थांबता आले नाही. शेषगिरींची खुर्ची पाडून तो केव्हाच रेघेपलीकडे पोचला होता.