बुद्धासमोर दोन टाळ्या

शेवटी मी त्याला हो म्हटलं.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. अजून आमची ओळखसुद्धा झालेली नाही. पाऊस भुरभुरतोय, मी पायरीवरची ओली पानं झाडतेय आणि जपानमधल्या कानाझावातल्या आमच्या एवढ्याशा बौद्ध मंदिरात कुणी एक तरुण शिरतोय.

तो बुद्धासमोर गेला, वाकला... आणि त्याने खणखणीत दोन टाळ्या वाजवल्या.

"अहो, टाळ्या शिंतो देवळात," मी म्हटलं. "इथे नुसते हात जोडायचे."

"बाप रे. मग आता?"

"आता काय... बुद्ध दचकले असतील तर तुम्हीच समजूत घाला."

त्याने पुन्हा हात जोडले. "माफ करा, चालू द्या तुमचं," असं बुद्धांना म्हणाला आणि माझ्याकडे वळला. कपाळावर ओले, दाट केस — आमच्या घराण्यात तीन पिढ्या गोटा केलेले पुजारी, असलं काही उंबऱ्याच्या आत कुणी पाहिलं नव्हतं.

नाव होरिगुची. पुलापलीकडे त्याचं केस कापायचं दुकान. सोमवारी बंद. मग दर सोमवारी त्याला धर्माविषयी शंका येऊ लागल्या.

"उदबत्ती फुंकून विझवली तर?"

"चालत नाही. हाताने वारा घालायचा."

"हात कसा धरायचा?"

मी दाखवलं. बराच वेळ दाखवलं. उदबत्ती केव्हाच विझली होती.

अडचण होती ती बाबांच्या गुडघ्यांची. त्यांनी पूजेला बसायला साफ नकार दिला होता. वारस नसेल तर मुख्य मठ दुसरा पुजारी धाडणार, आणि मंदिरामागचं आमचं राहतं घर त्याचं होणार. मी एकुलती एक. म्हणजे जो जावई येईल त्याने गोटा करून पुजारी व्हायचं. तीन स्थळं आली, चहा गार व्हायच्या आत तिन्ही गेली. एक तर बूट घालायलाही थांबला नाही.

हे सगळं मी होरिगुचीला सांगितलं. त्याने केसांतून हळूच हात फिरवला — निरोप घेतल्यासारखा.

"करतो गोटा. तुझ्यासाठी..."

'तू' पहिल्यांदाच आलं होतं. मी झाडू उलटा धरला होता.

"सूत्रं पाठ होतील?" मी विचारलं.

"पहिली ओळ येते."

"म्हण."

तो आठवत राहिला. एक बस गेली, दुसरी गेली. "दुकानात बरोबर येत होती," तो म्हणाला.

मी खो खो हसले. आणि हसता हसता थांबले. सूत्रं मला येत होती. सगळी, सहाव्या वर्षापासून. बाई पुजारी होऊ शकते, तसा नियम आहे. पण हे बाबांना, भक्तमंडळींना, त्या तीन स्थळांना आणि मलाही कधी सुचलं नव्हतं.

"मीच होते पुजारी."

"आणि मी?"

"तू केस काप. माझ्यापासून सुरुवात कर."

बाबांना सांगितलं. ते फक्त म्हणाले, "शेवटची बट ठेवा. दीक्षेच्या वेळी ती गुरूने उतरवायची असते, आणि गुरू मी आहे."

सोमवारी होरिगुचीने वस्तरा उचलला.

"हात का थरथरतोय रे?"

"गिऱ्हाईक आवडलं की होतं."

"नेहमी?"

"पहिल्यांदाच. ...लग्न करशील माझ्याशी? मान हलवू नकोस, कापेल!"

"मग हो कसं म्हणू?"

"तोंडाने, गं बाई."

पुढच्या महिन्यात मी प्रशिक्षणाला निघाले. एक वर्ष. निघण्याआधी टपालात एक अर्ज टाकला:

'मा. प्रशिक्षण विभाग, मुख्य मठ, यांस. सविनय विनंती की, चार व नऊ आकडा असलेल्या तारखांना प्रशिक्षणार्थी महिलांनी एकमेकींचे मुंडन करावे, या नियमातून अर्जदारास सूट मिळावी, व सदर कामी बाहेरील कारागिरास मठात प्रवेश द्यावा. कारागीर पुरुष आहे. कामास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागेल, त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही.'