थोरलीची साक्ष

रोडोपीच्या शिखरांवर पहाट फुटली, तेव्हा गडाखालच्या मैदानात सरदार बिथिसचे प्रेत ठेवल्याला तीन दिवस झाले होते, आणि त्याच्या उशाशी बसलेला धाकटा भाऊ दिझास बोकडाचे मांस चघळत रडत होता. हनुवटीवर ओघळलेली चरबी ज्या हाताने पुसायची, त्याच हाताने डोळे. थोरली विधवा झैका हिने ते पाहून तोंड फिरवले.

थ्रेसच्या या टोळीची रीत अशी, की सरदार गेला म्हणजे त्याची सर्वांत लाडकी पत्नी कोण, याचा भरसभेत निवाडा व्हायचा. जिंकेल तिचा थडग्यावर बळी. हरेल तिला जन्माची नामुष्की. त्यांच्या भाषेत कुणी काही लिहून ठेवत नसे. चुलीवर हात ठेवून दिलेला शब्द हाच पुरावा, आणि थोरलीच्या साक्षीवाचून निवाडा पुरा होत नसे.

धाकटी विधवा पिरुला सहा महिन्यांची गरोदर होती. तिला मुलगा झाला, तर दिझासच्या हातून सरदारकी जाणार होती.

"वहिनीसाहेब," दिझास कानाशी लागला. तोंडाला शिळ्या दारूचा भपकारा. "पिरुलाचे नाव घ्या. कोठाराच्या किल्ल्या तुमच्याकडेच राहतील."

"आणि पोटातले लेकरू, भावोजी?"

"जाईल बापाच्या भेटीला." तो दात कोरत हसला.

बिथिसचा जीव खरोखर पिरुलावरच होता; झैकाने ते रोज उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. मृताची निंदा करणारीचे केस कापून तिला वेशीबाहेर घालवतात, हेही तिला ठाऊक होते.

सभा सुरू झाल्याच्या ढाली वाजल्या. तिने चुलीवर हात ठेवला.

"बायकांपैकी कुणावरच त्याचा जीव नव्हता. मरताना त्याने विचारले, घोड्याला पाणी पाजले का? तोच लाडका. त्यालाच मान द्या."

"खरे आहे!" एक म्हातारा शिलेदार ओरडला. "वादळात घोडा तंबूत अन् आम्ही बाहेर चिखलात!"

सभा खदखदून हसली. दिझास किंचाळत राहिला, पण निवाडा झाला तो झालाच. घोडा थडग्यात गेला. मृताची निंदा केली म्हणून झैकाचे केस मेंढ्यांच्या कातरीने कापले गेले.

वेशीवर पिरुला धावत आली आणि तिने मूठभर माती झैकाच्या तोंडावर फेकली.

"माझा मान गिळलास! सवत ती सवतच!"

"अंगावर पांघरूण घे," झैका म्हणाली. "वारा गार आहे."

तीन महिन्यांनी मुलगा झाला. वडीलधाऱ्यांनी बापाची ढाल त्याच्या पाळण्यापाशी ठेवली आणि दिझासला बैठकीवरून उठवले. पोर बोलायला लागल्यावर पिरुलाने त्याला पहिली गोष्ट शिकवली: झैकाचे नाव निघाले, की थुंकायचे.