डाव्या चाकाचा ठसा

टायर निवडायला इतका वेळ जाईल असं वाटलं नव्हतं. गाडी जुनी होती हे खरं. साठच्या दशकातली, ब्रिटिश, दोन सीटांची, गडद हिरवी. पण शेवटी टायर म्हणजे रबर आणि रबराला माप असतं. मी अंबडच्या एका कंपनीत मोजमाप विभाग सांभाळते. माप जुळलं की प्रश्न मिटतो, या समजुतीवरच माझी नोकरी चालते.

द्वारका चौकाजवळच्या दुकानांमध्ये तेरा इंची म्हटल्यावर कोणी छोट्या कारचा टायर पुढे करायचं, कोणी टेम्पोचा. गाडीची चाकं तारांची, सायकलीसारखी. त्यांच्यात ट्यूब लागतेच, नाहीतर तारांच्या भोकांतून हवा निघून जाते. हे समजावून सांगता सांगता माझा घसा बसला. ऑनलाइन मागवलेले टायर रुंद निघाले आणि वळताना मडगार्डला घासायला लागले. ते परत पाठवले.

"सरिता, तू गाडी घेतलीस की दुसरी नोकरी?" मयूर, माझा नवरा, म्हणाला.

देवळाली कॅम्पातल्या एका दंतवैद्याच्या फाटकातून ही गाडी मी लहानपणी रोज बघायची. आई तिथल्या बंगल्यांत धुणीभांडी करायची आणि मी तिच्याबरोबर असायची. डॉक्टर वारल्याचं आणि त्यांची मुलगी गाडी विकत असल्याचं कळलं, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले. आईला शेजारी बसवून त्याच रस्त्याने एक चक्कर मारायची, एवढंच मनात होतं. आई आता थकली आहे. फोन केला की विचारते, "झाली का गं तुझी गाडी?"

शेवटी टायर मिळवून दिले पुंजाने. त्याचं दुकान द्वारकेच्या मागच्या गल्लीत आहे. त्याने कुठून तरी बरोबर मापाचे नवे टायर आणले, ट्यूबसकट. मी ते हातात घेऊन बघितले. काळेभोर, नव्या रबराचा उग्र वास, कडांवर नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केस. नक्षी साधी होती, गोलाकार सरळ चर.

जुने टायर काढताना मी समोर उभी होते. कडांना भेगा पडलेल्या, नक्षी नागमोडी, जवळजवळ झिजलेली. पुढच्या डाव्या टायरवर एक तिरका काप होता, कोणीतरी आतून ठिगळ लावून टिकवलेला. पुंजाने तारांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमवर रबरी पट्टी चढवली, टायर बसवला, हवा भरली. तांब्याच्या हातोडीने मधला नट ठोकून घट्ट केला.

"जुने ठेवू का मॅडम?"

"नको. भंगारात दे."

दुकानातून निघाले आणि मुंबई नाक्यापर्यंत येईस्तोवर कळलं की गाडी डावीकडे ओढते आहे. थोडी नाही, चांगलीच. स्टिअरिंग घट्ट धरून ठेवावं लागत होतं.

मी तशीच अलाइनमेंटवाल्याकडे गेले. त्याच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे आले. "गाडी सरळ आहे मॅडम." मी त्याला बाजूला बसवून चालवून दाखवली. तो डोकं खाजवत म्हणाला, "रस्त्याला उतार असेल." दुसऱ्या दुकानात गेले, तिथेही आकडे हिरवेच. ब्रेक उघडून पाहिले, चाक अडकत नव्हतं. पुंजाकडे जाऊन पुढचे दोन्ही टायर अदलाबदल करून घेतले. टायरचा दोष असता तर आता गाडी उजवीकडे ओढायला हवी होती. ती डावीकडेच ओढत राहिली. पावसाळा सुरू झालेला, माझे सगळे रविवार दुकानांच्या बाकड्यांवर जात होते आणि अशा गाडीत आईला बसवायची माझी हिंमत नव्हती. मी तिला सांगितलं, अजून थोडं काम आहे. ती बरं म्हणाली. त्या 'बरं'ने मला जास्त राग आला, गाडीचा की स्वतःचा ते सांगता येणार नाही.

आमच्या सोसायटीचं पार्किंग सुमनबाई धुतात. एका सकाळी मी फेरी मारून आले तेव्हा त्या पाइप बंद करत होत्या. मी ओल्या फरशीवरून गाडी आत घेतली आणि कोरड्या जागेवर लावली.

"ताई, जुनेच टायर परत घातले का?"

"नाही हो, नवे आहेत. का?"

त्यांनी झाडूनेच दाखवलं. कोरड्या फरशीवर चाकांचे ओले पट्टे उमटले होते. नागमोडी नक्षी. डाव्या पट्ट्यात थोड्या थोड्या अंतरावर एक तिरकी रेघ.

मी खाली वाकून टायर बघितला. सरळ चर. बारीक केस अजून शाबूत होते. पट्टे वाळत चालले होते, म्हणून मी फोटो काढायला फोन शोधला. तो मिळेपर्यंत फरशी कोरडी झाली.

असं काही दिसलं की माझ्यासारखं माणूस आधी स्वतःवर संशय घेतं. दोन पृष्ठभाग एकमेकांना नीट टेकतात का, हे तपासायला आमच्याकडे एक निळी पेस्ट वापरतात. मी तिची ट्यूब घरी आणली. शनिवारी दुपारी मयूरला खाली बोलावलं, डाव्या टायरला पेस्ट फासली, समोर खाकी कागद पसरला आणि गाडी हळूच पुढे ढकलायला लावली.

कागदावर नागमोडी नक्षी उमटली. मध्ये तिरका काप.

मयूरने कागद उचलून उजेडात धरला. मग त्याने टायरवरून बोट फिरवलं. बोट निळं झालं. चरांमध्ये बोट सरळ फिरत होतं, त्याला कुठे काप लागला नाही.

"परत कर," तो म्हणाला.

आम्ही परत केलं. उजव्या चाकाचंही केलं. तिथेही नागमोडी, पण काप नाही.

"विकून टाक ही," मयूर म्हणाला. या वेळी तो चेष्टा करत नव्हता.

मी पुंजाकडे कागद घेऊन गेले. त्याला वाटलं मी भांडायला आले आहे. त्याने दुसऱ्या कंपनीचा एक टायर डाव्या चाकावर चढवला, याच्यावर चौकटी चौकटींची नक्षी होती. दुकानासमोर आम्ही पुन्हा कागद टाकला. पुन्हा तोच नागमोडी, कापाचा ठसा बघून त्याने हात पुसले. मग मी जुन्या टायरविषयी विचारलं तर म्हणाला, "ते तर त्याच दिवशी भंगारवाल्यानं नेले. कापलेबी असतील आता." थोडं थांबून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. ही गाडी हितं आणू नका आता. लय कामं पाहिली, पण हे माझ्याच्यानं होणार नाय."

मी डॉक्टरांच्या मुलीला फोन केला. टायर कधी बदलले होते, एवढंच विचारलं.

"बाबांनी बदलले होते," ती म्हणाली. "बऱ्याचदा. मग सोडून दिलं."

"गाडी डावीकडे ओढायची का?"

"मला चालवता येत नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर तिने उचलला नाही.

आता मी हे सोडून द्यायला हवं होतं. पण मला चीड आली होती. इतके दिवस मी त्या गाडीला सरळ चालवायला झगडत होते. मी ठरवलं, एकदा तिला जायचं तिकडे जाऊ द्यावं, म्हणजे निदान कळेल.

रविवारी सकाळी त्र्यंबक रोडने निघाले. पाऊस थांबला होता, अंजनेरीच्या डोंगरावर ढग बसले होते. सातपूर मागे पडलं, रहदारी विरळ झाली. गाडी डावीकडे ओढत होती, पण प्रत्येक डाव्या रस्त्याला नाही. काही फाटे तिने सोडून दिले. मी स्टिअरिंगवर फक्त बोटं टेकवून ठेवली. अंजनेरी ओलांडल्यावर एका कच्च्या रस्त्यापाशी ती आपणहून वळली.

दोन्ही बाजूंना भाताची खाचरं. बायका वाकून रोपांची आवणी करत होत्या. रस्ता चिखलाचा, पण रुतण्याइतका नाही. एका बांधापाशी एक म्हातारी डोक्यावर पानांचं इरलं घेऊन उभी होती. मी गाडी थांबवली.

"मावशी, हा रस्ता कुठे जातो?"

तिने गाडी बघितली, मग मला. "कुठंच नाय जात. पुढं वावर हाय." आणि मग म्हणाली, "आत्ताच तर गेली ना तुमची गाडी. मागून परत कुठून आली?"

मी पुढे बघितलं.

चिखलात चाकांचे ताजे माग होते. त्यांच्यात अजून पाणी साचत होतं. नागमोडी. डावीकडे तिरका काप.

ते माझ्या गाडीच्या नाकासमोरून सुरू होऊन पुढे जात होते.

मी इंजिन बंद केलं आणि उतरले. सँडल चिखलात रुतत होते, म्हणून काढून हातात घेतले. मागाच्या कडेकडेने चालत गेले. ते खाचराच्या मधोमध गेले होते, नुकत्याच लावलेल्या रोपांमधून. रोपं मोडली नव्हती.

मधोमध माग संपले होते.

तिथे काही नव्हतं. गाडी नाही, खड्डा नाही, वळल्याची खूण नाही. फक्त चिखल आणि त्यात आभाळ.

परत निघाल्यावर मी मागे वळून बघितलं नाही. का, ते सांगता येणार नाही. मान खाली न घालता गाडीपर्यंत आले. म्हातारी गेलेली होती. परत येताना गाडी अजिबात ओढली नाही. शहरात शिरेपर्यंत ती दोरीत चालल्यासारखी सरळ चालली.

मी ती पुन्हा चालवली नाही. ठाण्याच्या एका संग्राहकाने फोटो बघूनच पसंत केली आणि ट्रकवर चढवून नेली. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला, म्हणाला, मला ती हॉलमध्ये उभी करायची आहे. आईला मी सांगितलं की गाडी दुरुस्त होण्यातली नव्हती. तिने थोडा वेळ फोन धरून ठेवला. "जाऊ दे," ती म्हणाली. "रिक्षाने जाऊ कधीतरी."

त्या आठवड्यात मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. रविवार परत मिळाला होता. मयूर खाली दूध आणायला गेला होता. मी आंघोळ करून बाहेर आले, पाय न पुसताच, गॅलरीत टॉवेल वाळत घालायला. कोटा फरशीवरून परत येताना सहज खाली लक्ष गेलं.

ओले ठसे बाथरूमच्या दारापासून गॅलरीपर्यंत गेले होते. मी एकटीच चालले होते. ठसे पुरुषाचे होते, माझ्या पायापेक्षा वीतभर नाही, पण चांगलेच मोठे. टाच रुंद. डाव्या पायाला करंगळी नव्हती.

मी माझा पाय बघितला. पाचही बोटं होती.

मग मी बादलीत डावा पाय बुडवला आणि कोरड्या फरशीवर, भिंतीला धरून, हळूच टेकवला. उचलला. खाली चारच बोटं उमटली होती.

मयूरने दाराची बेल वाजवली. मी टॉवेलने फरशी पुसून काढली आणि दार उघडायच्या आधी पायात स्लिपर घातल्या.

"फरशी गार लागते का?" त्याने विचारलं.

मी हो म्हणाले.