घाटाखालचे गोटे

अंगणात दगडी पायवाट करायची आणि कडेला नदीतले काळे गोटे मांडायचे, ही कल्पना माझीच. मोबाइलवर पाहिलेली. लेकरू झोपत नसलं की माणूस काहीही पाहतं, आणि मग ते हवंही वाटायला लागतं. माझा नवरा ऋषिकेश म्हणाला, "उद्या ट्रॉली घेऊन जातो नदीवर."

पौषातली अमावास्या, शनिवारची रात्र. लाइट गेलेली, म्हणून सगळे ओट्यावर. अंधारातून माझे सासरे उकंडराव म्हणाले, "आन ना. पन घाटाखालचे नको आनू."

"काहून, मामंजी?"

विचारायला नको होतं. खांद्यावरचं पोर आत्ता कुठे पेंगत होतं.

मग त्यांनी किन्हीराजा गावच्या पुंजाजीचं सांगितलं. पुंजाजी त्यांचा जुना दोस्त. त्यानं नवं घर बांधलं, तेव्हा त्याची सून मंजू हिनं दारापुढे अशीच बाग मागितली. एका सकाळी तो ट्रॅक्टर घेऊन निवांत नदीवर गेला. स्मशानघाटाच्या खालच्या अंगाला गोटे पडले होते, काळेभोर, तेल लावल्यासारखे गुळगुळीत. कोणी उचलत नव्हतं.

"तिथं जीवखडे असतीन ना, बाबा?" माझी नणंद वैष्णवी.

"असतीनच. मयताच्या वक्ती ज्या खड्यानं मडकं फोडतात, त्याच्यावर दहा दिवस पानी घालतात अन मंग नदीत सोडतात. पुंजाजीले काय मालूम नोतं? पन तो म्हने, एवढे पूर गेले, कुठचा खडा कुठं गेला असन."

बाग छान झाली. मंजूनं नवऱ्याला पुण्याला फोटो पाठवले.

त्याच रात्री तिचा दोन वर्षांचा मुन्ना उठला. "पानी." तिनं पेला दिला. त्यानं तो खिडकीकडे धरला. "त्या बाबाले दे."

बाहेर कोणी नव्हतं. गोटे होते.

मंजू दिवसभर राबलेली. तिनं दार उघडलं. मुन्नानं बोट दाखवलं त्या गोट्यावर पेलाभर पाणी ओतलं. पोर गाढ झोपलं. दुसऱ्या रात्री तेच. पुढे तर पेला मुन्नाच धरायचा, तिचा नुसता त्याच्या हाताखाली हात. मला हसू आलं नाही. मीही ओतलं असतं. भुताचं नंतर पाहू, आधी झोप.

"कोनाले सांगलं नाही तिनं?" वैष्णवीनं विचारलं.

"काय सांगन? लेकरू झोपून राह्यलं होतं."

मग ते दिवसाही झोपायला लागलं. अंगात ताप. उठवलं तरी उठेना. दवाखाना झाला, सलाइन झालं. शेवटी मंजूनं रडत सासऱ्याला सगळं सांगितलं.

पुंजाजी म्हणाला, "कायले घातलं वं, माय! जो पानी देते तो त्या मेलेल्याचा वारस होते. किती दिवस झाले?"

"आजचा दहावा."

अंधार पडला होता. पुंजाजीनं तो एकच गोटा फडक्यात बांधला अन मोटरसायकलवर निघाला. जाताना म्हणाला, "कडी लाव. कोनी काही मागो, देऊ नको."

मामंजींनी ओट्यावरून पाय वर घेतले. दूर कुठे कुत्रं भुंकलं.

मंजू मुन्नाला मांडीवर घेऊन बसली.

"पानी."

ती हलली नाही.

"पानी..."

तिनं खाली पाहिलं. मुन्ना झोपलेला. ओठ मिटलेले.

"पानी दे ना..."

तिनं त्याच्या कानांवर हात ठेवले. स्वतःच्या कानांवर ठेवायला हात उरले नाहीत.

मग... काही नाही. फोन वाजला. पुंजाजी धापा टाकत म्हणाला, "सोडला." तिचे डोळे तिथेच मिटले.

उजाडलं तेव्हा मुन्नाचं अंग थंड, घामेजलेलं होतं. त्यानं बिस्किट मागितलं.

"सुटलं बापा," वैष्णवी पुटपुटली.

"हो. आता शाळेत जाते ना तो."

मी पोराला आत न्यायला उठले. मग मामंजी हळूच म्हणाले, "बिस्किट द्याच्या आधी तिनं त्याचा हात धुवाले घेतला. कडी आतून लावेलच होती. अन बोटात दर्भाची अंगठी. दहाव्याले क्रिया करनाऱ्याच्या बोटात असते ना, तशी. हिरवीगार... त्या एवढ्याशा बोटाच्या मापाची."