किल्लेदारांचं दुखणं

भैरवकड्याच्या बुरुजांवर उजाडलं, तेव्हा समोरच्या टेकाडावर वेढा घालून बसलेल्या पातशाही फौजेच्या दोन तोफा चढलेल्या दिसल्या. त्या डागल्या, की गडावरचं एकुलतं एक टाकं फुटणार आणि शिबंदी पाण्यावाचून मरणार, हे पोराटोरांनाही कळत होतं.

छापा घालून त्या बंद पाडणं हाच उपाय. पण गडाचा रिवाज असा, की छाप्याला पहिलं घोडं किल्लेदाराचं. त्यावाचून कोणी दरवाजा ओलांडत नसे. आणि किल्लेदार सिधोजी घारगे श्रावणापासून घोड्यावर बसले नव्हते.

कारण एकट्या रंगोबा वैद्यांना ठाऊक. उभी हयात खोगिरावर गेली, बैठकीशी गळू झालं, सिधोजींनी ते अंगावर काढलं. फुटून आत नळी धरली आणि वाहू लागलं. भगंदर. चाळणीसारखी अनेक तोंडं पडतात तो प्रकार वैद्यांच्याही हाताबाहेरचा. हा एका तोंडाचा, पण खोल होता. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं दिलेला दोरा वैद्यांनी त्या नळीतून ओवून बांधला होता. दोरा हळूहळू मांस कापीत जाई आणि मागची जखम भरून येई. तोवर घोडा वर्ज्य.

सदरेवर दुय्यम कुसाजी शेळके, ज्याचा किल्लेदारीवर डोळा होता, हसत म्हणाला, "धन्यांना घोडं कशाला? पलीकडून पालखी यायची असेल." त्याला कोणी गप्प केलं नाही. फितुरीचा संशय गडभर पसरलाच होता.

वैद्यांनी आत जाऊन विनवलं, की खरं सांगून टाका. जखम भरत आली आहे, आता बसलात तर फाटेल, विष अंगभर पसरेल.

"फितूर म्हणतात ते सोसलं, रंगोबा," सिधोजी म्हणाले. "बुडाच्या दुखण्यापायी किल्लेदार कोठडीत बसला, हे हसू सोसायचं नाही. आणि मी नसलो तर ही माणसं निघायची नाहीत. घोडं आणवा."

उन्हं चढायच्या आत छापा पडला आणि तोफांच्या कानांत मेखा ठोकून त्या निकामी केल्या गेल्या. परतताना सिधोजींचं खोगीर रक्तानं भिजलं होतं. शिबंदीला वाटलं, वार लागला. मग ताप चढला, तो उतरलाच नाही.

शेवटचं स्नान घालताना कुसाजीनं ती फाटलेली जखम आणि तिच्यातला दोरा पाहिला.

"वैद्यबुवा, आम्हाला सांगितलं का नाही?"

"तुम्ही हसला असता."

कुसाजीनं आपला शेला काढून ती जखम झाकली.

वेढा उठला. किल्लेदारी पुढे कुसाजीलाच मिळाली. नवी माणसं विचारीत, सिधोजीरावांना वार कुठे लागला होता?

"छातीवर," तो सांगे. "समोरून."