जाळी दिसू न देता

फ्रेम ०११७. ॲपर्चर २.८

लेन्स जाळीला टेकवायची, ॲपर्चर पूर्ण उघडायचं, प्राणी दहा पावलं आत जाईपर्यंत थांबायचं. मग तार विरघळते. फोटोत उरतो प्राणी आणि माळ.

मी बारामतीत लग्नाचे फोटो काढतो, थंडीत भिगवणला पक्ष्यांचे. शेळगावच्या पुढे माळावर जखमी प्राण्यांचं एक छोटं केंद्र आहे. त्यांना फलकासाठी लांडगा हवा होता. पिंजऱ्यातला वाटणार नाही असा.

लांडगी होती. म्हस्कूआबांची, नाव बायडी. मुरूम उपसताना जेसीबीनं बीळ फोडलं, त्यातून वाचलेलं एकच पिल्लू. आबा जन्मभर मेंढरांमागे फिरलेले, आता केंद्राचे राखणदार. त्यांनी तिला शेळीच्या दुधावर वाढवलं होतं.

"भावकी हसती," ते म्हणाले. "म्हणत्यात, म्हस्कूनं मेंढरं इकली आन् लांडगी पाजली."

"सोडणार कधी हिला?"

"कुठं सोडू? हिला शिकार यीना, माणसाचं भ्या न्हाय. पयलं कुत्रं हिला फाडंल." मग तिच्याकडे बघत, "आमाला लेकरू न्हाय, सुमितराव. हीच हाय."

फ्रेम ०१४०

जाळीच्या कडेनं सारखं फिरून तिनं पायवाट पाडली होती, गाडीच्या चाकोरीएवढी खोल. फोटोत अशी वाट लगेच चुगली करते. मी वाळल्या गवताच्या पेंढ्या आणून ती झाकली. पाण्याचं घमेलं उचलून बाहेर ठेवलं.

"नवरीच्या तोंडावरचं डाग पुसता, तसंच की हे!" आबा हसले.

बायडी झाकलेल्या वाटेपाशी आली. हुंगलं. एक पाय उचलला आणि तसाच धरून उभी राहिली. वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा वास येत होता. तिनं पाय खाली ठेवायला फार वेळ घेतला.

फ्रेम ०१६२

संध्याकाळी स्टुडिओत फोटो उघडले. तार कुठेच नव्हती. पिवळं गवत, बायडी. पुढच्या फ्रेममध्ये ती जरा लहान. त्यापुढच्या फ्रेममध्ये आणखी. मी लेन्स बदलली नव्हती, जागाही नाही. पिंजरा चाळीस पावलांचा आहे.

या फ्रेममध्ये ती समोरच्या टेकाडाच्या उतारावर होती. जाळीपासून अर्धा किलोमीटर तरी.

फोन लावला. "आबा, बायडी आहे ना?"

"ही काय, फुडं बसलिया. का वं?"

फ्रेम ०१६३ ते ०१९०

पुसून टाकल्या. सगळ्यांत ती पाठमोरी होती.

फ्रेम नाही

पाच दिवसांनी आबांचाच फोन आला. बायडी खात नव्हती. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. मी गेलो आणि न राहवून त्यांना ०१६२ दाखवली.

आधी ते खुलले. "कशी निगालिया बगा! येतंय की तिला." मग मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"म्हनून," ते म्हणाले. "हाक मारतो तर हितली कानच हलवंना."

"आबा, कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड..."

"जाळी दिसंल असा काडा. परत आना तिला."

फ्रेम ०२०४. ॲपर्चर १६

ॲपर्चर बारीक केलं तशी तार आता ठसठशीत उमटली. एकेक गाठ, गाठीवरचा गंज. मागे आबा बसले होते, बायडीचं डोकं मांडीवर घेऊन थोपटत.

कॅमेऱ्यातून पाहिलं. आबा होते. मांडी होती. हात वरखाली होत होता, खाली काही नव्हतं.

डोळा काढला. बायडी होती. पोट हलत होतं.

पुन्हा डोळा लावला.

मी बटण दाबलं नाही. या क्रमांकाची फ्रेम तरीही कार्डावर आहे.

तिसऱ्या सकाळी ती गेली. डॉक्टरांनी पोट उघडलं. आठ दिवसांच्या उपाशी पोटात सशाचे केस होते. ताजे, रक्ताळलेले. डॉक्टरांनी कागदावर 'पोट रिकामे' लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. आबांनी तिला स्वतःच्या घोंगडीत गुंडाळून पुरलं.

फ्रेम ०२०५. ॲपर्चर २.८

"माजा काडा," आबा पिंजऱ्याच्या आतून म्हणाले. "जाळी न दिसंल असा."

"नको, आबा."

"तुमी वाट झाकली तिची."

मी लेन्स पुसत राहिलो.

"तिला एकटीला जमायचं न्हाय. लहान हाय अजून."

"आणि मालनबाई?" मी त्यांच्या बायकोचं नाव घेतलं.

"तिला सांगितलंय, येळ लागंल."

ते दहा पावलं आत गेले. न सांगता, मोजून. पाठमोरे उभे राहिले.

मी लेन्स टेकवली. तार विरघळली. एकच काढला, आणि पाहिला नाही.

काल मालनबाईंचा फोन आला. आबा अंथरुणावर आहेत. दुखत काही नाही, ताप नाही.

"भाकरी तशीच ऱ्हाती," त्या म्हणाल्या. "हाक मारली तर वळून बगत न्हाईत. आन् धोतराला कुसळं. अंथरुणातनं उठलं न्हाईत, सुमितराव, घरात गवताची काडी न्हाय. मी येचून काडते. सकाळी परत असत्यात. दवानं वली."