गुडघ्यांवरची बुरशी

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी डेलमर स्टॅम्परने ताकात कुस्करलेला मक्याचा पाव खाल्ला, थर्मासमध्ये कॉफी भरली आणि गाडी सॉल्टर गुहेच्या वाटेला लावली. केंटकीच्या डोंगरातल्या त्या सरकारी उद्यानात तो सव्वीस वर्षं रखवालदार होता. थंडीत झोपलेली वटवाघळं वर्षातून एकदा मोजायची, हे काम त्याच्या अंगवळणी पडलं होतं. सोबत वन्यजीव खात्याची लेटी मॅगार्ड होती. पोरगी चौतिशीची, हुशार, आणि नियमांच्या बाबतीत सासूहून कडक.

कडक असायलाच हवं होतं म्हणा. पांढऱ्या नाकाच्या रोगाने त्या मुलखातल्या गुहा एकामागून एक ओस पाडल्या होत्या. बुरशीच ती, थंडाव्यात वाढणारी. झोपलेल्या वटवाघळाच्या नाकावर, पंखांवर चढते आणि त्याला भर हिवाळ्यात जागं करते. मग ते बिचारं उपाशीपोटी बर्फात किडे शोधायला निघतं आणि मरतं. सॉल्टर तेवढी वाचली होती. अकरा हजार जीव होते तिथे. एका गुहेतलं सामान दुसऱ्या गुहेत न्यायचं नाही, न्यायचंच झालं तर वीस मिनिटं कढत पाण्यात बुडवून काढायचं, हा नियम डेलमरनेच अख्ख्या तालुक्याला शिव्या देऊन शिकवला होता.

आणि तोच त्याने मोडला होता. त्याच्या गुडघ्यांना बापाची चामडी पॅडं होती. बाप कोळशाच्या खाणीत त्याच पॅडांवर रांगत म्हातारा झाला आणि गेला. कढत पाण्यात चामडं आकसतं, चिरतं. नोव्हेंबरात पलीकडच्या डोंगरातल्या रोगट गुहेतून आल्यावर डेलमरने बूट, दोर, हेल्मेट, सगळं बुडवलं. पॅडं मात्र ओल्या फडक्याने पुसली आणि दुसऱ्याच दिवशी सॉल्टरच्या तपासणीला घातली. कागदावर सही ठोकली, सगळं धुतलं म्हणून. एवढ्याशाने काय होतंय, असं त्याला वाटलं होतं. माणसाला वाटतंच.

दोघांनी पांढरे कागदी झगे चढवले, मनगटांवर चिकटपट्टी गुंडाळली. झग्यावरून पॅडं बांधताना लेटीने एकदा पाहिलं आणि हीही बुडवलीत ना, असं विचारलं. डेलमर हो म्हणाला. मग त्याने लोखंडी गजांचं दार उघडलं आणि दोघं आत शिरली.

गुहेत ओल्या मातीचा वास नेहमीचाच. त्या दिवशी त्यात दुसराही एक होता, गोडसर, नासलेला. रांगत दोनशे पावलं गेल्यावर मोठं दालन लागतं. एरवी तिथे छताला वटवाघळांचे घोस लटकलेले असत, केसांवर दव चमकत असे आणि शांतता अशी की आपलेच कान वाजू लागावेत. त्या दिवशी शांतता नव्हती. वरून बारीक खरखर येत होती, हजारो नखं दगडावर हळूहळू फिरावीत तशी.

डेलमरच्या हाताखाली काहीतरी मऊ चिरडलं. त्याने दिवा खाली केला. जमीनभर मेलेली वटवाघळं होती, एकावर एक, पंखांची चाळण झालेली.

लेटीने जांभळा दिवा काढला. त्या उजेडात ही बुरशी नारिंगी चमकते. तिने तो वर धरला आणि अख्खं छत, लटकलेल्या वटवाघळांसकट, नारिंगी ठिपक्यांनी पेटलं.

"गेली, मिस्टर स्टॅ... मिस्टर स्टॅम्पर," ती म्हणाली. "सगळी गेली."

ती रडत होती आणि डेलमरच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, ते खोटं नव्हतं. डोळे पुसायला तिने हात वळवला, दिवा कलला आणि जांभळा उजेड त्याच्या गुडघ्यांवर पडला.

दोन्ही गुडघे नारिंगी होते.

मग लेटीने अगदी हळू विचारलं, "कधी?"

"नोव्हेंबरात. पोरी, ऐक... बापाची आहेत ती."

"मला हे लिहावं लागेल."

"सव्वीस वर्षं मी यांना जपलंय. लोक तोंडावर थुंकतील माझ्या. नको लिहूस."

"लिहिलं नाही तर उद्या तुम्ही हीच घालून तिसऱ्या गुहेत जाल," लेटी म्हणाली. "मी तुम्हाला ओळखते."

हे खरं होतं, म्हणूनच त्याला झोंबलं. त्याने दिव्यावर झडप घातली. तिने सोडला नाही. एवढ्याशा पोरीच्या अंगात एवढी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तिने त्याच्या तोंडावर कोपर हाणलं, दात हलला, रक्ताची खारट चव आली. मग त्याने दोन्ही हातांनी तिला ढकललं, सगळ्या जोराने. तिचं डोकं दगडाच्या कडेवर आपटलं. तो आवाज ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा होता.

तो तिच्याजवळ बसला. नाकाखाली तळवा धरला, शंभरपर्यंत आकडे म्हटले. काही नाही. पुन्हा शंभर म्हटले.

तेव्हा वरची खरखर थांबली... आणि छत सुटलं.

वटवाघळं थव्याने आली, एकदम. तोंडावर, मानेवर, झग्याच्या आत. इवलेसे दात पापण्यांना भिडले, कानाची पाळी फाटली. डेलमरने हेल्मेट काढून सपासप फिरवायला सुरुवात केली. दर फटक्याला हाडं मोडत होती. ज्यांच्यासाठी त्याने आयुष्य घातलं, त्यांनाच तो भिंतीवर चेचत होता, शिव्या देत होता, बोंबलत होता. पायाखाली सगळं निसरडं झालं. रांगत, लोळत तो कसाबसा दारापर्यंत आला.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, बर्फावर डोळे ठरत नव्हते. त्याच्या मागोमाग वटवाघळं गजांतून निघाली आणि त्या उन्हात टपाटप पडत राहिली. त्याने पॅडं सोडून, ओढा जमिनीत शिरतो त्या भोकात कोंबली. मग वायरलेसवर सांगितलं, लेटी घसरून पडली, डोक्याला लागलं, गेली.

बचाव पथक आलं. त्याचा प्रमुख हॉबर्ट, डेलमरचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने डेलमरला गाडीत बसवलं, खांद्यावर कांबळं टाकलं, फाटलेल्या कानाला कापूस लावला आणि स्वतःच्या हाताने कॉफी पाजली. कोणी एका शब्दाने संशय घेतला नाही, हेच डेलमरला सहन होत नव्हतं. माणसं स्ट्रेचर घेऊन आत गेली.

तासाभराने हॉबर्ट एकटाच बाहेर आला. गाडीजवळ आला.

"तू म्हणालास, ती खाली पडली."

"खालीच," डेलमर म्हणाला.

"ती वर आहे, डेलमर." हॉबर्टचा आवाज बसला होता. "छताला. तीस फूट. उरलेल्या वटवाघळांच्या घोळक्यात, डोकं खाली. बूट-मोजे जमिनीवर नीट जोडून ठेवलेत. पायाची बोटं दगडाच्या फटीत रुतलीत... तिथवर पोचेल अशी शिडीच नाही आमच्याकडे."

"पण ती मेलीय ना?"

हे असं विचारायला नको होतं, हे त्याला विचारल्यावर कळलं.

"मलाही तसंच वाटलं होतं," हॉबर्ट म्हणाला. "मग तिने श्वास घेतला. एकच. पोरं आत घड्याळ धरून बसलीत, दुसऱ्याची वाट बघत."

झोपलेलं वटवाघूळ अर्धा-अर्धा तास श्वास न घेता राहतं, हे डेलमरला ठाऊक होतं. नंतर ते पुन्हा जागं होतं, हेही ठाऊक होतं. ती जगावी असं त्याला मनापासून वाटलं. तो दुसरा श्वास येऊच नये असंही त्याला तितक्याच मनापासून वाटलं, आणि दोन्ही वाटण्यांची त्याला सारखीच भीती वाटली.

हॉबर्टच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला.

"घेतला, चीफ," आतला माणूस म्हणाला. थोडा वेळ नुसती खरखर. "आणि चीफ... तिच्याभोवतीच्या सगळ्यांनी तिच्याबरोबरच घेतला."

हॉबर्ट डेलमरच्या छातीकडे बघत होता. मघापासून ती छाती हलली नव्हती, आणि आत्ता, आतल्या त्या श्वासाबरोबरच, वर आली होती.